वडिलांचे वय ७८, भावाचे ४३: रक्तदाबाची तीच गोळी दोघांवर वेगळी का चालते?

परळची लेक

नमस्कार. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत आणि धाकटा भाऊ ४३ वर्षांचा. दोघांनाही साधारण एकाच सुमारास टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. भावाचा रक्तदाब १५२/९८ होता, तो महिन्याभरात १३०/८४ च्या आसपास स्थिरावला. बाबांचा मात्र १६८/७४ वरून जेमतेम १६०/७२ पर्यंत उतरला आणि गोळी ८० मिलिग्रॅमची केल्यावरही फारसा फरक पडला नाही. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन पुन्हा ४० वर आणून तिच्या जोडीला क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम दिले. आता बसून मोजल्यावर १३४/६४ असे आकडे येतात.

वरचा आकडा पाहून समाधान वाटते, पण खालचा आकडा इतका उतरलेला पाहून काळजी वाटते. शिवाय पहाटे अंथरुणातून उठताना बाबांना क्षणभर अंधारी येते. आमची जुनी चाळ आहे, शौचालय गॅलरीच्या टोकाला आहे, त्यामुळे ते पडतील ही भीती मनातून जात नाही. त्यांना मधुमेह नाही आणि मूत्रपिंडाची तपासणी वयाच्या मानाने ठीक आहे असे सांगितले गेले आहे.

वय वाढल्यामुळे गोळीचा परिणाम खरोखरच बदलतो का, आणि बदलत असेल तर कशामुळे, हे मला समजून घ्यायचे आहे. शेजारचे काका म्हणतात की शंभर अधिक वय एवढा रक्तदाब म्हाताऱ्या माणसाला चालतोच, उगाच गोळ्या वाढवू नका. त्यांचे म्हणणे कितपत धरावे?

फिजिशियन, माटुंगा

आपण दिलेल्या आकड्यांतच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. भावाचे दोन्ही आकडे वाढलेले होते, वडिलांचा फक्त वरचा वाढलेला होता आणि खालचा आधीपासूनच कमी होता. म्हणजे दोघांच्या आजाराचे नाव एक असले, तरी त्यामागची शरीरातली घडामोड वेगळी आहे.

चाळिशीतल्या माणसाच्या रक्तदाबात मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या रेनिनचा वाटा सहसा मोठा असतो. रेनिनमुळे पुढे अँजिओटेन्सिन तयार होते, ते रक्तवाहिन्या आवळते आणि शरीरात मीठ धरून ठेवायला लावते. टेल्मिसार्टन हे अँजिओटेन्सिनला त्याच्या जागी बसू देत नाही. वय वाढत जाते तसे रेनिनचे प्रमाण घटत जाते, त्यामुळे ज्या साखळीला ही गोळी अडवते ती साखळीच वयस्कर माणसांच्या शरीरात मंदावलेली असते आणि गोळीला अडवायला फारसे काही उरत नाही. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्यांचेही असेच आहे. अॅटेनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरचा, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गोळीचा, परिणामही उतारवयात सर्वसाधारणपणे कमी दिसतो.

उतारवयात जे वाढते ते दोन गोष्टींमुळे. महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, आणि तिच्या मोठ्या शाखा ताठर होतात, त्यामुळे हृदयाने रक्त फेकताना दाब एकदम चढतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या काळात तो टिकून राहत नाही. म्हणूनच पन्नाशी-साठीनंतर वरचा आकडा चढत जातो आणि खालचा आपोआप उतरतो. दुसरे असे की मूत्रपिंडाची मीठ बाहेर टाकण्याची ताकद कमी होते आणि खाल्लेल्या मिठाचा रक्तदाबावरचा परिणाम तरुणपणापेक्षा जास्त जाणवतो. अॅम्लोडिपिनसारखी रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी आणि क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड यांसारखी लघवीवाटे मीठ काढणारी गोळी या वयात जास्त उतार देतात, त्याचे कारण हेच.

ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत हा फरक थेट वयाच्या आकड्यावर बांधलेला आहे. ५५ च्या आतल्या माणसाला आधी रेनिनच्या साखळीवरची गोळी आणि ५५ च्या पुढच्याला आधी अॅम्लोडिपिनच्या कुळातली, असा तिथला क्रम आहे. टाइप २ मधुमेह असेल तर कोणत्याही वयात पहिल्या कुळातली गोळी द्यायची, असा अपवादही त्यात आहे.

मात्र यावरून वडिलांना टेल्मिसार्टन देणे निरर्थक होते असा निष्कर्ष कृपया काढू नका. क्लोरथॅलिडोनने शरीरातले मीठ-पाणी कमी झाले की मूत्रपिंड रेनिन वाढवून प्रतिकार करते आणि तेव्हा टेल्मिसार्टनला करण्याजोगे काम मिळते. ८० मिलिग्रॅमने एकट्याने जे साधले नाही ते ४० मिलिग्रॅमने जोडीत साधले, यामागे हेच कारण असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. तुमच्या डॉक्टरांनी मात्रा आणखी न वाढवता जोड दिली, हा निर्णय मला योग्य वाटतो.

आता शंभर अधिक वय या समजाविषयी. तो फार जुना आहे आणि त्याने अनेक घरांत नुकसान केले आहे, म्हणून मी याबाबत स्पष्टच लिहिते. साठीपुढच्या, फक्त वरचा आकडा वाढलेल्या लोकांवर अमेरिकेत शेप नावाची मोठी चाचणी झाली. १९९१ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा क्लोरथॅलिडोनवर आधारलेल्या उपचाराने पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलेले दिसले. २००८ मध्ये हायव्हेट या चाचणीने ८० आणि त्यापुढच्या ३,८४५ लोकांत इंडापामाइड आणि गरजेप्रमाणे पेरिंडोप्रिल देऊन पाहिले. त्यात एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी झाले. तिथे ध्येय १५०/८० इतकेच ठेवले होते, हेही ध्यानात घ्यावे. ७८ व्या वर्षी १७८ हा वरचा आकडा चालतो असे म्हणायला वैद्यकात कोणताही आधार नाही.

पहाटेच्या अंधारीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. वडिलांचा रक्तदाब झोपून किंवा पाच मिनिटे बसून मोजा, मग त्यांना उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि ते आकडे इथे लिहा.

विरारकर

डॉक्टरांच्या म्हणण्याला पूर्ण मान देऊन एक शंका मांडतो. माझी आई ८९ वर्षांची आहे, हाताला धरल्याशिवाय ती चालत नाही आणि अलीकडे तिचे वजनही बरेच उतरले आहे. तिच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी तीनपैकी एक गोळी बंद केली, कारण तिचा वरचा आकडा ११० च्या खाली जाऊ लागला होता. गोळी थांबवल्यावर ती जेवू लागली, दिवसा बसू लागली. म्हातारपणी रक्तदाब उतरवण्याचा फायदा सगळ्यांना सारखाच होतो असे मानणे मला धोक्याचे वाटते. चाचण्यांत येणारी ८० वर्षांची माणसे स्वतःच्या पायांनी येणारी असतात, आमच्या आईसारखी नसतात.

फिजिशियन, माटुंगा

आपले म्हणणे बरोबर आहे आणि ते मांडल्याबद्दल मी आपली आभारी आहे. हायव्हेटमध्ये उभे राहिल्यावर वरचा आकडा १४० च्या खाली जाणाऱ्यांना घेतलेच नव्हते. २०१५ च्या स्प्रिंट चाचणीत १२० च्या आतले ध्येय ठेवून उपचार केलेल्या पंचाहत्तरीपुढच्या लोकांनाही मोठा लाभ दिसला. पण तिथेही उभ्याने ११० च्या खाली जाणारे, मधुमेह असलेले आणि पूर्वी पक्षाघात झालेले लोक वगळलेले होते, आणि रक्तदाब शांत खोलीत स्वयंचलित यंत्राने मोजला जात होता. दवाखान्याच्या गर्दीत घाईने घेतलेला आकडा त्या १२० शी जुळवून पाहणे योग्य नाही.

२०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ५१ चाचण्यांतील साडेतीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून वयोगटांप्रमाणे मांडली गेली. वरचा आकडा ५ ने उतरवला की ५५ ते ८४ या सगळ्या वयोगटांत हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना सुमारे ९ टक्क्यांनी कमी होतात असे त्यात दिसले. पंचाऐंशीच्या पुढे मात्र तसा स्पष्ट लाभ सिद्ध करता आला नाही. म्हणून माझ्या मते जन्मतारखेपेक्षा माणसाची अवस्था पाहावी. खुर्चीतून हात न टेकता उठता येते का, चालण्याचा वेग किती, वर्षभरात पडणे झाले का, वजन घटते आहे का, या प्रश्नांची उत्तरे गोळ्यांची संख्या ठरवताना वयाच्या आकड्याइतकीच मोलाची आहेत. २०२४ च्या युरोपीय सूचनाही पंचाऐंशीपुढच्या, फार अशक्त झालेल्या किंवा उभे राहताच त्रास होणाऱ्या माणसांसाठी ध्येय सैल ठेवायला सांगतात. आपल्या आईची गोळी कमी करणे हा उपचाराचाच भाग होता.

औषधविक्रेता, गिरगाव

माझे दुकान जुने आहे आणि रक्तदाबाच्या गोळ्या नेणारे बहुतेक लोक साठीच्या पुढचेच असतात, त्यामुळे या प्रश्नाची दुसरी बाजू मला रोज दिसते. डॉक्टरांनी शरीर गोळीला कसे प्रतिसाद देते ते सांगितले. शरीर गोळीचे काय करते, तेही वयाने बदलते.

अॅम्लोडिपिन यकृतात मोडते आणि उतारवयात ते मोडण्याचा वेग मंदावतो, म्हणून तेवढ्याच मात्रेत रक्तातले प्रमाण जास्त राहते. मुळातच ही गोळी शरीरात ३० ते ५० तासांनी निम्मी होणारी आहे आणि म्हाताऱ्या माणसात त्याहूनही सावकाश. त्यामुळे ती सुरू करून चार दिवसांत काही फरक नाही म्हणून मात्रा वाढवून मागणारे लोक येतात, त्यांना मी दोन आठवडे थांबून मग डॉक्टरांना भेटायला सांगतो. अशक्त माणसाला २.५ मिलिग्रॅमने सुरुवात करतात ती याचसाठी. अॅटेनोलॉल मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता चाळिशीनंतर हळूहळू घटत असते, म्हणून ते उतारवयात साचू शकते. टेल्मिसार्टन बहुतांशी पित्तावाटे बाहेर पडते, हा तिचा एक गुण आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सोबतची औषधे. वयाबरोबर गुडघे दुखू लागतात आणि डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घरात सतत असते. या गोळ्या रक्तदाब वाढवतात, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन या दोन्हींचा परिणाम बोथट करतात, आणि तिन्ही एकत्र चालल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. गोळी लागू पडत नाही असे सांगणाऱ्या वृद्धाला मी पहिला प्रश्न गुडघ्यांचाच विचारतो. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळे करणारा जो घटक असतो तोही रक्तदाब चढवतो. अॅसिडिटीसाठी पाण्यात घालून प्यायच्या फसफसणाऱ्या पुडीतून बरेच सोडियम पोटात जाते आणि ते मीठ म्हणून कोणी मोजत नाही. पापड, लोणचे, सुका जवळा आणि खारवलेला बांगडा यांची तर आपल्या घरांत सवयच आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते आणि उतारवयात मीठ कमी केल्याचा उतार तरुणापेक्षा जास्त मिळतो.

उलट बाजूने, प्रोस्टेटसाठी रात्री घेतली जाणारी टॅमसुलोसिन उभे राहताना रक्तदाब पाडू शकते. ती रक्तदाबाची गोळी नाही म्हणून रक्तदाबाच्या डॉक्टरांना तिच्याविषयी सांगितलेच जात नाही. आपण वडिलांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, अगदी आयुर्वेदिक चूर्णासकट, एका पिशवीत घालून एकदा डॉक्टरांसमोर ठेवाव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डोंबिवलीची सून

क्लोरथॅलिडोनविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या, अंगाने बारीक. याच कुळातली गोळी सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्या गुंगल्यासारख्या वागू लागल्या, बोलणे असंबद्ध होऊ लागले. आम्हाला वाटले स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. रक्ततपासणीत सोडियम फार उतरलेले निघाले. गोळी बदलल्यावर आणि सोडियम सावकाश भरून आल्यावर त्या पूर्ववत झाल्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्या घाम गाळत होत्या आणि त्यावर नुसते पाणी पीत होत्या. ताई, बाबांचे सोडियम आणि पोटॅशियम तपासले आहे का?

परळची लेक

सर्वांचे मनापासून आभार. काल आणि आज सकाळी मोजले. पाच मिनिटे बसल्यावर १३६/६६, उभे राहिल्यावर एका मिनिटाने ११२/६०, तीन मिनिटांनी ११६/६२. दोन्ही दिवशी आकडे जवळपास असेच आले. बाबांना प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी रात्रीची टॅमसुलोसिन दिलेली आहे. क्लोरथॅलिडोन सुरू झाल्यापासून सोडियम तपासलेले नाही, ती तपासणी उद्याच करून घेते. गुडघ्यांसाठी ते अधूनमधून मलमच लावतात.

या गोळ्या सकाळी द्याव्यात की रात्री, याबद्दलही घरात दोन मते आहेत. आणि बाबा एकादशीला दिवसभर जवळजवळ काहीच खात-पीत नाहीत. त्या दिवशी काय करावे?

फिजिशियन, माटुंगा

उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला उभ्याने होणारा रक्तदाबपात म्हणतात, आणि वडिलांचे आकडे त्यात बसतात. वयोमानाने मानेतल्या धमनीजवळची दाब ओळखणारी यंत्रणा मंद होते, त्यामुळे उठल्याबरोबर हृदयाची गती वाढवून दाब सावरायचे काम उशिरा होते. त्यावर मीठ-पाणी कमी करणारी गोळी आणि टॅमसुलोसिन यांची भर पडली की पहाटेची अंधारी समजण्यासारखी आहे. भावाने हीच जोडी घेतली असती तर त्याला बहुधा काहीही जाणवले नसते. गोळीचा गुण वयाने बदलतो तितकाच, किंबहुना अधिक, तिचा त्रास वयाने बदलतो.

आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नका, पण या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा आणि हे उभ्याने घेतलेले आकडे त्यांना दाखवा. टॅमसुलोसिनची खरोखर गरज आहे का, तिच्याऐवजी दुसरा उपाय होऊ शकतो का, हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायला हवे. क्लोरथॅलिडोन ६.२५ वर आणणे किंवा त्याऐवजी अॅम्लोडिपिन थोड्या मात्रेत वापरणे, असे मार्ग त्यांच्यापुढे असतील. अॅम्लोडिपिनने पाय सुजले तर ती सूज लघवी वाढवणाऱ्या गोळीने फारशी जात नाही, टेल्मिसार्टन सोबत असल्यास मात्र ती कमी येते, एवढे माहीत असावे. उभ्याने घेतलेला वरचा आकडा सावरेपर्यंत बसून मोजलेला १४० च्या थोडा वर राहिला तरी मला चालेल, कारण या वयात खुबा मोडणे हा पक्षाघाताइतकाच मोठा आघात असतो.

खालच्या ६४ विषयी आपण विचारले होते. तो बराचसा ताठर रक्तवाहिन्यांमुळे आहे आणि उपचारापूर्वीही तो ७४ च होता. फक्त त्या आकड्यासाठी उपचार सोडून देऊ नयेत. तो ६० च्या खाली सरकू लागला, किंवा चालताना छातीत दाटल्यासारखे झाले, तर मात्र मात्रेचा लगेच फेरविचार करावा लागतो.

वेळेविषयी म्हणाल तर ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या टाइम या चाचणीत, २०२२ मध्ये, सकाळी आणि संध्याकाळी गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात यांचे प्रमाण सारखेच निघाले. वडिलांच्या बाबतीत क्लोरथॅलिडोन सकाळीच द्या, नाहीतर लघवीसाठी रात्री अंधारात गॅलरीतून जावे लागेल. तोवर खाटेजवळ लघवीचे भांडे ठेवा. उठण्यापूर्वी त्यांना दोन मिनिटे खाटेच्या कडेला बसून घोटे हलवायला सांगा आणि पहिल्या पावलाच्या वेळी कोणीतरी जवळ असू द्या. भरपेट जेवणानंतरही या वयात दाब उतरतो, म्हणून दुपारी जेवून लगेच जिना उतरणे टाळावे.

एकादशीला पाणी, ताक, शहाळे यांना कोणतीही अडचण नसावी आणि निर्जळी उपवास त्यांनी करूच नये. शहाळ्यात पोटॅशियम बरेच असते आणि टेल्मिसार्टनमुळेही ते शरीरात साठते, तेव्हा दिवसाला एकापेक्षा जास्त देऊ नका आणि पोटॅशियमचा अहवाल येईपर्यंत तेही थांबवा. जुलाब, उलट्या किंवा ताप असून खाणेपिणे सुटले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून क्लोरथॅलिडोन आणि टेल्मिसार्टन तात्पुरत्या थांबवायच्या का, हे विचारा. पावसाळ्यात पोट बिघडलेल्या वृद्धांमध्ये याच दोन गोळ्या चालू राहिल्याने क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा, चढलेले मी वारंवार पाहिले आहे. उद्याच्या तपासणीत सोडियम आणि पोटॅशियमबरोबर क्रिएटिनिनही करून घ्या आणि तिन्ही आकडे इथे कळवा.